पाटोळेकाकांचं परग्रह खातं

दिल्लीत दोन मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "मूळचे कुठले?" उत्तर आलं की विचारणारा मनातल्या मनात तुमची जात, तालुका आणि तुमच्या आमटीत गूळ पडतो की नाही हे ठरवून मोकळा होतो. पाटोळेकाकांना यातलं काहीच जाणून घ्यायचं नव्हतं. मी नवी शेजारीण, हातात रिकामी बादली घेऊन त्यांच्या दारात उभी. त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि आत हाक मारली, "अगं, ही मुंगळ्यांतली वाटत नाही. येऊ दे आत. बादलीभर पाणी दे हिला."

झालं! बिल्डरने फसवलंच होतं, आता शेजारही ठार वेडा निघाला, असं म्हणत मी आत गेले. पाणी मिळत असेल तर वेडाबिडाचं मला फारसं काही वाटत नाही.

गुडगावचं गुरुग्राम व्हायला तेव्हा पुष्कळ अवकाश होता. मेट्रो नव्हती, मॉल नव्हते, काचेचे मनोरे नव्हते. मोहरीची शेतं होती, त्यात उगवलेल्या आमच्या तीन इमारती होत्या आणि एक माहितीपुस्तिका होती. देश खुला झाला होता, आता आपणही खुले होऊ, असं म्हणून आम्ही सरकारी क्वार्टर सोडून इथे आलो होतो, ते त्या पुस्तिकेतले फोटो बघून. फोटोत पोहण्याचा तलाव होता. प्रत्यक्षात खड्डा होता, आणि पाणी टँकरने यायचं, म्हणजे येतं असं म्हणायची पद्धत होती. माझा नवरा विलास मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवायच्या कारखान्यात. तो सकाळी कंपनीच्या बसने जायचा आणि मी चार्टर्ड बसने दिल्लीला, एका ट्रॅव्हल कंपनीत लोकांची विमानाची तिकिटं काढायला. आम्ही दोघं गेलो की मागे राहायचे पाटोळेकाका, मार्थाकाकू आणि परग्रहावरची माणसं.

शांतवन पाटोळे मूळचे नगरकडचे. एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी परदेशांशी व्यापाराची बोलणी करणाऱ्या विभागात गेली. बोलणी म्हणजे ती साहेब करायचे. काका मागच्या खुर्चीत बसून कोण काय बोललं ते टिपायचे. "पंचवीस देशांची शिष्टमंडळं पाहिली मी," ते सांगायचे, "एकाने मला चहा विचारला नाही. पण मी सगळ्यांना ओळखून होतो." हे ओळखून असणं निवृत्तीनंतर वाया जाणार, एवढ्यात त्यांना तो खेळ सापडला. मुलगा आशिष याने घेतलेला कॉम्प्युटर घरात होता, त्यात अंतराळातला एक खेळ होता. आशिष अमेरिकेला गेला, कॉम्प्युटर मागे राहिला.

खेळ काय, अगदी सोपा. आकाशात ढीगभर तारे. एका ताऱ्यावर तुमचं राज्य. बाकीच्यांवर निरनिराळ्या जमाती, त्यांना कॉम्प्युटर चालवतो. तुम्ही ग्रह वसवायचे, जहाजं बांधायची, तह करायचे, मग एक बटण दाबायचं, की बाकीचे आपापली खेळी करतात. मग पुन्हा तुम्ही. आकाशगंगेत हेच चालतं, सोसायटीतही हेच चालतं, फक्त आकाशगंगेत लिफ्टचं भांडण नाही, असं काकांचं म्हणणं.

त्या जमातींची खरी नावं उच्चारताना जिभेला गाठ पडे, म्हणून काकांनी त्यांचं बारसं करून टाकलं होतं. मुंगळे म्हणजे किड्यांसारखी जमात: बोलणं नाही, चालणं नाही, दिसला ग्रह की वस्ती. शेठ म्हणजे व्यापारी जमात, गोड बोलून भिकार नकाशे विकणारी. मानकरी कशावरूनही अपमान करून घ्यायचे. तुमचं जहाज त्यांच्या ताऱ्याजवळून नुसतं गेलं तरी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दगडोबा दगडाचे होते, ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि एक होते हिरवे. हिरव्यांना दुसरं नाव नव्हतं. पडद्यावर त्यांचा रंग हिरवा होता, म्हणून हिरवे.

"कॉम्प्युटरला फक्त चार उत्तरं येतात," काका सांगायचे. "हो, नाही, धमकी, आणि विचार करून कळवतो. लोक हसतात. अरे, आमच्या जॉइंट सेक्रेटरींना दोनच यायची."

एकदा या मोजपट्ट्या हातात आल्यावर काकांनी अख्खी सोसायटी मोजून काढली. समोरच्या ब्लॉकमधलं सात माणसांचं कुटुंब जिन्यात सायकली, गॅलरीत कूलर, गच्चीवर गाद्या असं पसरत चाललं होतं, ते मुंगळे. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी चढ्ढाजी, ज्यांना कुणी 'जी' लावलं नाही तर दोन दिवस जेवण जायचं नाही, ते मानकरी. मला त्यांनी शेठांत टाकलं, कारण मी तिकिटं विकते. मी रागावले तर म्हणाले, "रागावतेस म्हणजे मानकरीपणही आहे थोडं. संमिश्र जमात. खेळात अशा फार धोकादायक असतात." विलास दगडोबा, हे मात्र त्यांनी बिनचूक सांगितलं.

हा सगळा उंटावरचा शहाणपणा म्हणून मी सोडून दिलं असतं. पण माणसाचं दुर्दैव असं, की वेडा माणूस बरोबर निघतो.

चढ्ढाजींनी आमच्या गाडीच्या जागेवर आपली गाडी लावायला सुरुवात केली. मी दोनदा सांगून आले. ते हसून म्हणाले, "बिल्कुल, भाभीजी, बिल्कुल," आणि गाडी तिथेच. काकांना सांगितलं तर ते आनंदाने उठून बसले. "सीमेवर जहाज आणून ठेवलंय! कॉम्प्युटर हेच करतो. तुझ्या तोंडी निषेधाला तो हिंग लावून विचारत नाही. तो एकच गोष्ट मोजतो, तिथे तुझी किती जहाजं आहेत." दुसऱ्या दिवशी चढ्ढाजी ऑफिसला गेल्यावर काकांनी त्या जागेवर आपली न चालणारी स्कूटर, दोन मोडक्या खुर्च्या आणि काकूंची लोणच्याची रिकामी बरणी असा ताफा उभा केला. बरणी कशाला, असं मी विचारलं. "टेहळणीचं जहाज," म्हणाले. चढ्ढाजी संध्याकाळी आले, ताफ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने आपल्या जागेवर गेले. बरणी फुटली तर कोण भरून देणार, असं काकू मात्र आठवडाभर विचारत होत्या.

मग दिवाळीच्या आधी बिल्डरने घरोघर सुक्या मेव्याचे डबे पाठवले. नक्षीचे, मखमली झाकणाचे. सगळी सोसायटी हरखून गेली. चढ्ढाजी म्हणाले, "देखा? आदमी बुरा नहीं है." काकांनी डबा उघडला सुद्धा नाही. "भेट आली," ते काळजीने म्हणाले, "म्हणजे आता हल्ला येणार. विनाकारण भेट पाठवणारी जमात दोनच कारणांनी पाठवते. एक तर तिला तुमची भीती वाटते, किंवा तिचा ताफा निघालेला असतो. आपली भीती कुणाला वाटते, सांग?"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. दिवाळी झाली आणि बिल्डरने सोसायटीचा जनरेटर उचलून आपल्या नव्या टॉवरला नेला. 'तात्पुरता'. गुडगावची वीज तेव्हा पाहुण्यासारखी यायची, त्यात जनरेटर गेला म्हणजे लिफ्ट बंद, पंप बंद, पाणी बंद. पाचव्या मजल्यावर बादल्या चढवताना मी मखमली झाकणाची आठवण काढून काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सभा झाली. सभेत चढ्ढाजींनी तीव्र निषेधाचा ठराव मांडला. काका मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते, सवयच ती. मग उभे राहिले. त्यांच्या हिंदीला अजून नगरचा वास होता. "देखिए, कम्प्यूटर का एक कमजोरी है. वो सब फौज सरहद पे भेजता है. अपना राजधानी खुल्ला छोडता है. अपन यहाँ क्यों लड रहे हैं? राजधानी पे चलो."

राजधानी म्हणजे नव्या टॉवरमधला सॅम्पल फ्लॅट. रविवारी तिथे नवी गिऱ्हाइकं यायची, पुस्तिका हातात घेऊन, आम्ही कधीकाळी गेलो होतो तशी डोळ्यांत तलाव घेऊन. त्या रविवारी आम्हीही गेलो. बायका, पुरुष, म्हातारे, प्रत्येकाच्या हातात बादली आणि खांद्यावर टॉवेल. घोषणा नाहीत, भांडण नाही. काकांची सक्त ताकीद होती: "हसून बोलायचं. रांग लावायची." आम्ही सॅम्पल फ्लॅटच्या चकचकीत बाथरूमसमोर आंघोळीची रांग लावली. गिऱ्हाइकांनी विचारलं, ये सब क्या है जी? चढ्ढाजी नम्रपणे म्हणाले, "हम पुराने कस्टमर हैं. आप भी अगले साल यहीं नहाएँगे." दुपारपर्यंत फ्लॅट रिकामा. सोमवारी जनरेटर परत, वर बिल्डरचा माणूस दिलगिरी सांगायला. काका मला हळूच म्हणाले, "हरायला लागला की तह मागतो. सांगितलं होतं."

तेव्हापासून काकांचा भाव वाढला. कुणाचं भाडेकरूशी भांडण, कुणाचं व्याह्यांशी, सगळे पाटोळ्यांच्या दारात. काका प्रत्येकाला एकच तत्त्व सांगायचे: "बोलणी बंद करायची नाहीत. काही झालं तरी नाही. कॉम्प्युटर स्वतःहून कधी समेटाला येत नाही, त्याच्यात ते भरलेलंच नाही. पहिली खेळी माणसालाच करावी लागते."

आणि हेच सांगणारा हा थोर मुत्सद्दी दोन वर्षांपासून स्वतःच्या मुलाशी एक शब्द बोलला नव्हता.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल. आशिषला चांगली सरकारी उपक्रमातली नोकरी लागली होती. काकांनी पेढे वाटले. वर्षभरात पोराने राजीनामा दिला आणि सॉफ्टवेअरच्या कंपनीत गेला, तिथून अमेरिकेला. तेव्हा घरोघर हेच चाललं होतं. पण काकांच्या लेखी सरकारी नोकरी सोडणं आणि देवळाच्या पायरीवरून चप्पल चोरणं यात फारसा फरक नव्हता. हो, ते चर्चला जायचे, पण म्हण देवळाचीच वापरायचे. ते म्हणाले, "नोकरी सोडलीस तर माझ्याशी बोलू नकोस." पोरगा म्हणाला, "बरं, नाही बोलत." दोघंही दिलेल्या शब्दाला जागणारे! अशा माणसांपायीच घरं बुडतात.

फोन यायचा दर रविवारी संध्याकाळी. तो उचलायच्या काकू. काका त्या वेळी नेमके फोनशेजारच्या कपाटावरची धूळ पुसत असायचे. इतर दिवशी ते कपाट पडलं तरी त्यांनी पाहिलं नसतं.

"विचार, बर्फ पडला का," काका कपाटाला सांगायचे.

"पप्पा विचारतायत, बर्फ पडला का," काकू फोनमध्ये.

"मी विचारत नाहीये. हवामानाची माहिती घेतोय."

"ते म्हणतात, ते विचारत नाहीयेत. हो, पडलाय म्हणतो, गुडघाभर."

"स्वेटर घाल म्हणावं. म्हणजे, तू म्हण. तुझ्याकडून."

असं ते चालायचं. मी कधी तिथे असले तर मला हसू आवरायचं नाही आणि नंतर घरी आल्यावर रागही यायचा. एकदा काका माझ्या ऑफिसात आले. खास बस पकडून, इस्त्रीचा शर्ट घालून. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाले, "समजा, एखाद्या शिष्टमंडळाला न्यूयॉर्कला जायचं झालं, तर तिकीट साधारण केवढ्याला पडेल?"

"शिष्टमंडळात किती जण?" मी विचारलं.

"दोन. एक पुरुष, एक बाई. ज्येष्ठ."

"काका, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? आशिषकडे जायचंय ना?"

ते ताडकन उठले. "तू संमिश्र जमात आहेस, मी म्हटलंच होतं," असं म्हणून निघून गेले. मी तिकिटाचा भाव कागदावर लिहून काकूंकडे दिला. काकूंनी तो देवाच्या तसबिरीमागे ठेवला आणि म्हणाल्या, "जाणार नाहीत. त्याने बोलावल्याशिवाय जाणार नाहीत, आणि तो हे बोलल्याशिवाय बोलावणार नाही."

हिरव्यांचं कोडंही मला काकूंनीच उलगडून दिलं. खेळताना काका हिरव्यांशी असं काही वागायचे की माझ्यासारख्या अडाण्यालाही कळायचं, हा माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय. मुंगळ्यांना ते हिशेबाने मारायचे, शेठांना घोळात घ्यायचे, मानकऱ्यांना फुलवायचे. हिरव्यांना मात्र रोज काही ना काही द्यायचे. आज जहाजाचं इंजिन, उद्या एखादा चांगला वसवलेला ग्रह. आकाशगंगेच्या परिषदेत निवडणूक झाली की काका स्वतः उमेदवार असून मत हिरव्यांना. आणि हिरवे काय करायचे? घ्यायचे, चार दिवस गप्प बसायचे आणि मग काकांवरच चाल करून यायचे. काकांचा ग्रह जळताना मी पडद्यावर पाहिलाय. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांना भेट पाठवायचे.

"काका, हे कृतघ्न हिरवे एकदाचे संपवत का नाही तुम्ही?"

"कॉम्प्युटर आहे तो," काका म्हणाले. "त्याला काय कळतंय. तो दुबळा दिसेल त्याच्यावर जातो, एवढंच."

ते आंघोळीला गेल्यावर काकूंनी सांगितलं. तो खेळ दोघांना मिळून खेळता यायचा. एकाने आपली खेळी करून उठायचं, मग दुसऱ्याने बसायचं. बाप-लेक रविवारचे असे तासन्‌तास खेळायचे, एकमेकांना शिव्या घालत. काकू वैतागून जेवण झाकून ठेवायच्या. काकांचे निळे, आशिषचे हिरवे. भांडण झालं, पोरगा गेला, जाताना त्याने आपलं राज्य कॉम्प्युटरच्या हवाली केलं. खेळात तशी सोय असते. माणूस उठून गेला की त्याच्या जागी कॉम्प्युटर खेळतो. काकांनी तोच खेळ पुढे चालू ठेवला होता. दोन वर्षं, तोच एक खेळ.

मला गलबलून आलं, आणि लगेच संतापही आला. काका टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले तशी मी म्हटलं, "तुम्ही जगाला सांगता ना, कॉम्प्युटर समेटाला येत नाही, पहिली खेळी माणसाने करायची? मग तुमच्यात आणि आशिषमध्ये माणूस कोण?"

काकांनी चष्मा लावला. "चहा घेऊन जा," म्हणाले, आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले.

मग त्या वर्षी नाताळला आशिष येणार असं कळलं. काकूंनी करंज्या, चकल्या, शंकरपाळी यांचा कारखानाच काढला. दिल्लीचं धुकं ऐन भरात, विमान किती उशिरा येईल याचा भरवसा नाही. काका मात्र सकाळपासून मफलर बांधून गेटवर उभे. कशाला, तर टँकर बघायला. त्या दिवशी टँकर येणार नव्हता, हे अख्ख्या सोसायटीला माहीत होतं. टॅक्सी आली, आशिष उतरला, त्याने बापाकडे पाहिलं, बापाने रस्त्याकडे पाहिलं. "टँकर दिसत नाही," असं चौकीदाराला सांगून काका लेकाची सर्वांत जड बॅग उचलून जिना चढू लागले. लिफ्ट चालू होती.

घरात दूतावास जोरात. "त्याला विचार, चहा की कॉफी." "मम्मी, पप्पांना सांग, पथ्य असेल तर करंजी खाऊ नका." एकाच सोफ्याच्या दोन टोकांवर बसून हे सगळं काकूंच्या मार्फत. काकू बिचाऱ्या इकडून तिकडे मान वळवून थकल्या.

नाताळ झाला, आणि आशिषने वडिलांना द्यायला नवा कॉम्प्युटर आणला. मोठा पडदा, नवंकोरं सगळं. दुकानात योजना होती: जुना द्या, सूट घ्या. तेव्हा अशा योजनांना ऊत आला होता. जुना टीव्ही द्या, जुना फ्रिज द्या, सासू सोडून सगळं बदलून मिळायचं. दुकानाचा माणूस जुना कॉम्प्युटर न्यायला दारात उभा. मी नेमकी तेव्हाच फराळाचा डबा परत करायला गेले होते. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून त्यात तिळाच्या वड्या घातल्या होत्या.

आशिष खाली वाकून जुन्याच्या वायरी काढत होता. काका खिडकीशी उभे, पांढरेफटक.

"अगं," ते काकूंना म्हणाले, "त्याला सांग, जुना राहू दे."

काकू पलंगावर बसून मटार सोलत होत्या. मान वर केली नाही.

"मम्मी, सांग ना पप्पांना, याच्यात काही राम नाही आता. जागा अडेल नुसती."

काकूंनी एक शेंग फोडली. "मी नाही सांगणार."

"अगं, काय झालं?"

"दोन वर्षं तुमचा दूतावास चालवला. पुरे झालं. आजपासून बंद. दोघं जण एका खोलीत उभे आहात, देवाने दोघांना जीभ दिलीय. काय बोलायचं ते बोला, नाहीतर नका बोलू. मला मटार सोलायचेत."

दुकानवाल्याने हात पुढे केले. "चलो जी, उठा लूँ?"

"थांब," काका म्हणाले. आवाज असा आला की दुकानवाला मराठी न कळताही थांबला. काका दोन पावलं पुढे आले. मुलाकडे बघत, अगदी थेट, म्हणाले, "आशिष, तो देऊ नकोस. त्यात तू आहेस."

आशिषला काही कळेना. काका गुडघे टेकून खाली बसले आणि वायरी परत जोडू लागले. पहिली चुकली, दुसरी चुकली. मग आशिषनेच त्यांच्या हातातून वायर घेतली आणि लावली. जुना कॉम्प्युटर घरघरत, रखडत सुरू झाला. तारे आले. सगळ्या पडद्यावर हिरवं. कोपऱ्यात दोन निळे ठिपके.

आशिष पडद्यावर बोट फिरवत ग्रह मोजू लागला. "पप्पा, मी गेलो तेव्हा माझे चारच ग्रह होते."

"तू कॉम्प्युटरच्या हवाली करून गेलास. तो गाढव. त्याला काय सांभाळता येणार? रोज थोडं थोडं मी दिलं."

"आणि तुमचं राज्य?"

"माझं काय," काका म्हणाले, "मी पेन्शनर माणूस. मला कितीसं लागतं." आणि मग, खाली मान घालून, कपाटाला नाही, काकूंना नाही, त्यालाच, "तुझी आठवण यायची रे. बोलायचं कसं ते कळेना."

आशिष तिथेच फरशीवर त्यांच्या शेजारी बसला. त्यांच्या मफलरचं टोक हातात धरून बसला. दुकानवाला माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मैडम, ले जाना है कि नहीं?"

"नहीं, भैया," मी म्हटलं. डबा ठेवायला काकूंकडे वळले, तर त्या एकटक नवऱ्याकडे आणि लेकाकडे बघत मटार सोलत होत्या. दाणे सगळे कचऱ्यात पडत होते आणि सालं पातेल्यात.